गाव देणे लागते

कुणी पैसे पुढे केले की दादाजी दोन्ही हात पाठीमागे न्यायचे. विचार करून नव्हे, चटका बसल्यावर हात मागे यावा तसे ते आपोआप जात. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही असंच. छप्पन्न साली मुकुटबनच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावी जनपद सभेच्या शाळेवर मी मास्तर म्हणून हजर झालो. गाडीवान भाडं मागत होता आणि माझ्याकडे मोड नव्हती. समोर खादीची बंडी घातलेला एक उंच, वाळका माणूस उभा होता. मी त्याच्यापुढे नोट धरली. त्याने हात मागे नेले आणि हसून म्हणाला, "मास्तर, मी त्याले शिवत नाही. पण गाडीवानाले पोटभर जेवू घालतो. तेवढ्यात भाडं फिटते काय, विचारा त्याले." गाडीवान नको म्हणाला. त्याला भाडंच हवं होतं. हे मी तेव्हाच ध्यानात ठेवायला हवं होतं.

दादाजींचं नाव वासुदेवराव. भूदानाच्या पदयात्रेबरोबर या गावात आले आणि पदयात्रा पुढे गेली तरी मागे राहिले. लग्न केलेलं नव्हतं. त्याआधी पंधरा वर्षं ते यवतमाळच्या एका जिनात कॅशियर होते. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागे आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्यांची बोटं नोटांवरून फिरत. "माय गेली त्या दिवशी घरून माणूस आलता," त्यांनी एकदा मला सांगितलं. "म्हणे बाईचं काही खरं नाही, चला. मी म्हणलं, एवढी थप्पी मोजतो अन् येतो. थप्पी बरोबर निघाली, मास्तर. माय नाही भेटली." दुसऱ्याच महिन्यात त्यांनी नोकरी सोडली. फंडाचे सहाशे रुपये मिळाले, ते भाच्याने त्यांच्या नावावर पोस्टात टाकले. ते पुस्तक दादाजींच्या ट्रंकेच्या तळाशी पडून होतं. त्याला त्यांनी कधी हात लावला नाही.

पैसा जगातून जाणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. "पैसा म्हणजे काय? माझा तुमच्यावर भरवसा नाही, याची पावती," ते म्हणत. "घरात माय भाकरीचे पैसे मागते काय? मंग गावाचं एक घर झालं, का पैशाचं काम संपलं. तुमची नातवंडं नोटा पाहाले अजबखान्यात जातील." सत्तावन साली नवे पैसे आले. आण्याचे सहा की सात, यावरून बाजारात माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती आणि दादाजी खुशीत होते. "पाहा, इतक्या पिढ्यांचा आणा. सरकारनं एक कागद काढला अन् गेला. मंग पैसा जायले कितीक वेळ?" मी म्हटलं, आणा गेला खरा, पण त्याच्या जागी पैसाच आला. ते म्हणाले, "तुम्ही लय हिशेबी." हिशेबी याहून मोठी शिवी त्यांच्यापाशी नव्हती.

त्याच वर्षी त्यांनी श्रमचिठ्ठी काढली. जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापून केलेला एक लहानसा तुकडा, त्याची किंमत अर्ध्या दिवसाचं काम. तुम्ही कुणाच्या शेतात निंदण केलं की त्याने तुम्हाला चिठ्ठी द्यायची. ती दाखवून तुम्ही गावात कुणाकडूनही तेवढं काम करून घ्यायचं, नाहीतर गावाच्या कोठारातून ज्वारी उचलायची. माझं अक्षर बरं, म्हणून चिठ्ठ्या लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. मजकूर दादाजींचा होता: 'अर्धा दिवस. गाव देणे लागते.' खाली त्यांची सही. हजारांवर चिठ्ठ्या मी लिहिल्या असतील. पुढेपुढे बोट आपोआप चाले आणि आपण काय लिहितो आहोत याकडे लक्षही नसे.

खोटं कशाला सांगू, दोन वर्षं ते चाललं. गावातला सगळ्यात मोठा शेतकरी पुंडलिक, तोही एका कोलाम आदिवासीच्या भिंतीला दगड वाहताना मी पाहिला आहे. त्या दिवशी दादाजींना जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता. मीठ आणि घासलेट मात्र गावात पिकत नव्हतं. त्यासाठी गावाचा कापूस विकून रोख पैसे घेऊन मुकुटबनच्या बाजारात जावं लागे आणि जायचो मी. तिथले किराणावाले करीमसेठ मला पाहिलं की म्हणत, "आपके दादाजी का हाथ बडा पाक है, मास्टरसाब. जेब आपकी है ना." मी ते दादाजींना सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ते हसलेच असते.

आता जंगूबाईचं सांगतो. तिच्यावाचून दादाजींचं चित्र पुरं होत नाही.

गावाबाहेर कोलामांचं पोड, म्हणजे त्यांची वस्ती होती. तिथे ही आंधळ्या सासूला घेऊन राहायची. नवरा जंगलात झाड अंगावर पडून गेला होता. गोल चेहरा, बोलणं तुटक, आणि पाटील असो की तहसीलदार, सगळ्यांना अरेतुरे. भूदानात तिला तीन एकर जमीन मिळाली होती, पुंडलिकच्या बापाने दिलेली. दान देताना माणूस कुठला तुकडा देतो हे सांगायला नको. निव्वळ दगड. पण खाली पाणी आहे असं जंगूबाईचं म्हणणं होतं, आणि विहीर झाली तर मिरची लावीन, सासूला दोन वेळा जेवू घालीन, एवढाच तिचा बेत होता. त्यासाठी ती चिठ्ठ्या साठवत होती. पुंडलिकच्या शेतात सगळ्यांत जास्त राबली असेल. कोठारातून ज्वारी ती उचलत नसे. बांबूच्या टोपल्या विणून बाजारात विकायची आणि त्यावर दोघींचं भागवायची. चिठ्ठ्या ठेवायला तिने बांबूचं एक मोठं पेर कापून नळकांडं केलं होतं आणि त्याला लाकडी बूच बसवलं होतं. महिन्याकाठी ते घेऊन ती शाळेत यायची. "गुरुजी, मोज." मी मोजायचो, आकडा सांगायचो, ती बूच लावून निघून जायची.

दादाजींना हे कळलं तेव्हा त्यांनी गावाच्या बैठकीत ते नळकांडं दोन्ही हातांनी वर धरलं. "ही आपली तिजोरी. हिच्यात पैसा नाही, गावाचा शब्द हाय. ज्या दिवशी जंगूबाई हे आणून ठेवील, त्या दिवशी सारं गाव कुदळी घेऊन निघंल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिली टाळी माझी होती.

साठ साली मुकुटबनकडे रस्त्याचं काम निघालं. ठेकेदार दर शनिवारी रोख मजुरी वाटायचा. पहिल्या आठवड्यात गावातून चार माणसं गेली, महिन्याभरात चाळीस. चिठ्ठी घेताना लोक आधी कुरकुरू लागले, मग घेईनासे झाले आणि कोठारही रिकामं पडलं. "चिठ्ठीनं मीठ भेटते काय?" असं कुणी विचारलं की मी विषय बदलायचो, कारण मीठ मीच रोखीने आणत होतो. होळी झाल्यावर जंगूबाई नळकांडं घेऊन दादाजींच्या ओट्यावर आली. दोनशे चाळीस चिठ्ठ्या भरल्या. तिने तीन वर्षं पाठ मोडून काम केलं होतं.

पहिल्या दिवशी सारं गाव आलं. डफडं वाजलं, पहिली कुदळ दादाजींनी मारली. चौथ्या दिवशी नऊ माणसं होती. आठवड्याने जंगूबाई, दादाजी आणि शाळा सुटल्यावर मी. छातीइतका खड्डा झाला, वरचा मुरूम सरला आणि खाली काळा दगड लागला. तो फोडायला पहारी मारणारे चांगले दहा-बारा गडी हवे होते. मी पुंडलिककडे गेलो. तो सुपारी कातरत होता. "मी नाही म्हणून राह्यलो काय, गुरुजी? पण माणसंच चिठ्ठीवर येऊन नाही राह्यले. रोख द्या, उद्याच्या उद्या वीस गडी पाठवतो. अन् तिनं तवाच खर्चून टाकायच्या होत्या. चिठ्ठी काय साठवाची चीज हाय?" आपल्या शेतातलं तण कुणी उपटलं होतं, हे त्याला आठवत नव्हतं असं नाही. तो आठवण न ठेवण्याइतका सुखी माणूस होता.

दादाजी दारोदार फिरले. मग दोन दिवस उपाशी राहिले. तिसऱ्या दिवशी जंगूबाई ओट्यावर येऊन बसली. दादाजी म्हणाले, "बाई, तू चिठ्ठ्या साठवल्या, तिथंच चुकलं. साठवलं का त्याचा पैसा होते. चिठ्ठी फिरती पाहजे."

जंगूबाईने त्यांच्याकडे पाहिलं. "मंग विहीर काय अर्ध्या दिसात होते, दादाजी? काहून मंग तवा माहं नळकांडं वर धरलं?"

ती निघून गेल्यावर माझा तोल गेला. एवढी वर्षं मी त्यांच्याशी आवाज चढवून बोललो नव्हतो. मी म्हटलं, "तुमचे पोस्टात सहाशे रुपये आहेत. सव्वाशे-दीडशेत विहिरीचं काम होतं. तुम्ही नोटांना हात लावू नका. नुसती सही करा, मी काढून आणतो, मी वाटतो." आणि दादाजींचे दोन्ही हात पाठीमागे गेले. माझ्या हातात काही नसताना गेले. "मास्तर," ते म्हणाले, "पैसे देऊन विहीर खणली तर पाणी लागंल. पण मंग इतके दिवस आपण काय केलं? पैशाबिगर होत नाही, हेच मी गावाले शिकवलं असं होईल. ते नाही होणार माझ्याच्यानं." त्यांचे डोळे भरून आले होते. त्या डोळ्यांचा मला त्या क्षणी जेवढा राग आला तेवढा पुंडलिकच्या सुपारीचाही आला नव्हता.

दोन दिवसांनी जंगूबाई शाळेत आली आणि नळकांडं माझ्या टेबलावर ठेवलं. "मोजू?" मी विचारलं. "मोजतं कायले? तुहं अक्षर हाय, तुह्यापाशी ठेव." त्या शनिवारपासून ती रस्त्यावर गिट्टी फोडायला जाऊ लागली. मिरगात तो खड्डा गाळाने भरून गेला. सासू त्याच साली वारली. पुढे ती तीन एकर जमीन पुंडलिकच्या औताखाली आली. कशी आली ते मी विचारलं नाही.

दादाजींनी नंतर गाव सोडलं आणि यवतमाळला भाच्याकडे राहायला गेले. माझी बदली कळंबच्या बाजूला झाली. दोन-तीन वर्षांनी यवतमाळात त्यांचा सत्कार झाला, तेव्हा मी सायकल मारत तिकडे गेलो. हार झाले, भाषणं झाली, आणि पाहुण्यांनी त्यांच्यापुढे एक हजार एक रुपयांची थैली धरली. दादाजींनी हात पाठीमागे नेले. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. भाच्याने पुढे होऊन थैली घेतली, याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. मग ते बोलायला उभे राहिले. पैसा जाणार, तुम्ही-आम्ही नाही पण आपली मुलं पाहतील, हेच सगळं. आणि एका कोलाम बहिणीची गोष्ट त्यांनी सांगितली, जिने गावाचा शब्द बांबूच्या नळकांड्यात जपून ठेवला होता आणि जिच्या विहिरीसाठी सारं गाव कुदळी घेऊन धावून आलं होतं. गोष्ट त्यांनी पहिल्या दिवसापाशीच थांबवली. त्यात शब्दही खोटा नव्हता.

सभा संपल्यावर मी त्यांच्या पाया पडलो. ते फार थकले होते. माझा हात धरून म्हणाले, "जंगूबाई कशी हाय?"

"गिट्टी फोडते," मी म्हणालो.

त्यांनी मान खाली घातली. मग विचारलं, "आलात कशानं?"

"सायकलवर."

"तीच?"

"तीच."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आत गेले. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. फंडाचं पुस्तक भाच्याकडे गेलं असेल.

त्यांच्याबद्दल मी अनेकांपाशी अनेकदा कडवटपणे बोललो आहे. आजही बोलतो आणि त्यातलं काही मागे घ्यावं असं मला वाटत नाही. तत्त्व त्यांचं होतं आणि किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली. पण त्या दिवशी ओट्यावर मी त्यांच्याकडे सहाशे रुपये मागत होतो तेव्हा माझ्या ट्रंकेत एकशे साठ रुपये होते. दोन वर्षांच्या पगारातून सायकलसाठी बाजूला टाकलेले. दादाजींना ते ठाऊक होतं, कारण सायकल घेणार, घेणार, हे मी त्यांनाच रोज ऐकवत असे. तरी त्यांनी मला उलट विचारलं नाही, तुमचे का नाही देत? वैशाखात, तो खड्डा अजून कोरडा असताना, मी वणीहून नवी सायकल घेऊन गावात आलो. त्यांनी ती सगळ्या बाजूंनी पाहिली आणि घंटी वाजवून पाहिली. तिला हात लावायला त्यांची हरकत नव्हती.

नळकांडं अजून माझ्याकडे आहे. बूच घट्ट बसलं आहे. मी कधीमधी ते काढतो आणि एखादी चिठ्ठी वाचतो. अक्षर माझंच आहे, चांगलं वळणदार. 'अर्धा दिवस. गाव देणे लागते.' त्या गावात मीही राहत होतो.