आमच्या थिएटरातला गुलाबी उजेड

तीच ती चार माणसं रोज एका खोलीत कोंडली गेली की किस्से साठणारच. त्यात आमच्या ऑपरेशन थिएटरात मधूनच दिवे घालवतात, मग तर विचारूच नका. अंधारात शहाण्या माणसाचीही जीभ सुटते.

कुलकर्णी सर मेंदूचे सर्जन, मी भूल देणारी. पेशंटला सकाळी एक औषध पाजायचं, मग दिवे घालवून मायक्रोस्कोपचा निळा उजेड टाकला की गाठ गुलाबी चमकते. सरांचा हिशोब सरळ. "गुलाबी दिसलं की काढायचं."

*

पहिल्याच दिवशी आम्ही दिवे घालवले, तर इलेक्ट्रिशियन मोइनभाई काचेतून डोकावले आणि पळत जाऊन जनरेटर चालू करून आले. "मेरेकू लगा लाईट गई," म्हणाले, "सर अंधेरे में क्या टटोल रै?"

*

मला एसीची थंडी सोसत नाही, म्हणून मी पांढरी चादर गुंडाळून बसते. निळ्या उजेडात पांढरं कापडही चमकतं हे कुणाला माहीत होतं? आमची सिंधू सिस्टर लई फटकळ. म्हणाली, "सर, गाठीपेक्षा मॅडमच जास्त चमकायल्यात."

सर मायक्रोस्कोपमधून डोकं न काढता म्हणाले, "त्यांना नाही काढता येत."

*

औषध घेतलं की पेशंटला उन्हापासून जपावं लागतं, पडदे ओढून ठेवतो. गारखेड्याच्या एका पेशंटच्या आईनं ते सरळ ग्रहणच ठरवलं. पाण्यात तुळशीचं पान, दुधात तुळशीचं पान. सर राउंडला आले तर म्हातारी दारातच आडवी. "सुटल्यावर या. आंघोळ करून."

सर निमूट परत गेले.

*

आणि या रेखाताई. पडेगावकडच्या शाळेत शिक्षिका. गाठ नेमकी बोलण्याच्या जागेला चिकटलेली. अशा पेशंटला आम्ही ऑपरेशनच्या मधे जागं करतो आणि बोलतं ठेवतो. बोलणं अडखळलं की सरांनी हात थांबवायचा. आदल्या दिवशी बाई मला म्हणाल्या होत्या, "मॅडम, बोलताच आलं नाही तर मी वर्गात उभी कशी राहू?" मला रात्रभर झोप नाही.

थिएटरात त्यांना वर्गाची हजेरी घ्यायला सांगितली. अंधारात नावं चालली होती, आरती, बालाजी, नुसरत, समाधान. सर काढत होते. शेवटचा गुलाबी तुकडा राहिला, तिथं सरांनी नुसता स्पर्श केला आणि हजेरी अर्ध्या नावावर थांबली.

सरांनी हात मागं घेतला. हळूहळू नावं परत सुरू झाली.

पण सरांना गुलाबी सोडवेना. ऑपरेशन करताना मोठ्यानं विचार करायची त्यांची जुनी सवय, आणि झोपलेल्या पेशंटसमोर ती खपूनही जाते. "एवढंसंच राहिलंय," ते म्हणाले, "घ्यावं का ठेवावं?"

हजेरी थांबली.

"राहू द्या तेवढं," रेखाताई म्हणाल्या, "तुम्ही शिवायला घ्या."