एका खणात दोन पाळ्या

इकराचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. चंद्रपुरात त्यांच्या गल्लीतल्या नळाला तेव्हाच पाणी यायचं. वडील गुलाम रसूल शिंपी. गुडघ्यांमुळे त्यांना हंडा उचलवत नसे. बारा हंडे भरून, स्वयंपाक करून ती साडेसातच्या बसने ऊर्जानगरला येई.

हे २००८ सालचं. मी तिथल्या वीज केंद्रात एका ठेकेदाराकडे कोळशावर मजूर होतो. त्याच्या ऑफिसात ती कॉम्प्युटरवर बसे, तीन महिन्यांच्या बोलीवर. आमची हजेरी त्यात ओळीओळीने साठलेली होती: नाव, तारीख, पाळी. महिन्याच्या दोन हजार ओळी. ठेकेदाराला त्यांचा तक्ता हवा होता. डावीकडे नावं, वर तारखा, कुठूनही ब्राउझरमध्ये उघडणारा. जमला तर नोकरी पक्की.

पुस्तक उघडं ठेवून, एका वेब फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबपानं बांधायच्या तयार सांगाड्यात, तिने तो सहा आठवड्यांत जमवला. छापून आमच्यापुढे सह्यांना आला; मजुरी त्यावरूनच निघणार होती. मी सही केली नाही.

आम्ही हेल्मेटच्या आत खिळ्याने रोज एक रेघ ओढत असू. डबल ड्युटी केली की रेघेवर आडवी रेघ. मी हेल्मेट तिच्या टेबलावर उलटं ठेवलं.

"बाई, चौदा तारखेले मी दोन पाळ्या केल्या. इथी एकच दिसून राह्यली."

तिने मूळ ओळी उघडल्या. दोन्ही होत्या. तक्त्यात मात्र एका माणसाच्या एका तारखेला एकच खण, आणि दुसरी ओळ आली की ती पहिलीच्या जागी बसे.

"ओळी गेल्या नाई, मनसारामभाऊ," ती म्हणाली. "मीच मोजल्या नाई."

ठेकेदाराने ते आधीच पाहिलं होतं. तक्ता आहे तसाच बरा आहे, हात लावू नको, सोमवारी नोकरीचं पत्र देतो, असं त्याने तिला सांगितलं.

तो जेवायला गेला. तिने प्रत्येक खणात ओळींची संख्या यावी असं केलं. अर्ध्या तासाचं काम. मी घड्याळ पाहत होतो. एकतीस जणांच्या खणांत कुठे ना कुठे दोन आले. तो येण्याआधी नव्या छापील तक्त्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या.

तो ओरडला नाही. पत्रही आलं नाही. तीन महिने भरले तेव्हा उद्यापासून येऊ नको म्हणाला. तिने डबा पिशवीत टाकला आणि बस धरली.

त्या तीन पगारांतून तिच्या घराच्या छपरावर पाचशे लिटरची काळी टाकी बसली, अंगणातल्या गाळाने भरलेल्या जुन्या विहिरीचा उपसा झाला आणि तिच्यावर मोटर. हंडे बंद झाले. तरी चारला जाग येते, पडून राहते, असं ती पुढे एकदा बस स्टॉपवर भेटली तेव्हा म्हणाली.