विश्वास कमी पडला म्हणे

माझी थोरली बहीण लग्न होऊन धामणगाव रेल्वे या गावी गेली आणि तिथल्या चर्चच्या लहानशा मंडळीत रमली. मी अमरावतीला शाळेत शिकवायचे आणि सुटी लागली की तिच्याकडे जायचे. तिथले म्हातारे पाळक उपासनेआधी मोठ्या माणसांचीही प्रश्नोत्तरी घेत. देव कोण, कृपा म्हणजे काय, दुखणं आलं म्हणजे देव रागावला असं समजावं का, असे प्रश्न असत. बाया पदराआड जांभया देत. पाळक ओरडत नसत, रडत नसत. लोकांना ते कोरडे वाटत.

ते निवृत्त झाले तेव्हा शेतीचे दिवस फार वाईट चालले होते. बोंडं भरायच्या आधीच कपाशीची पानं लाल पडत. आसपासच्या गावांतून कुणी विष घेतल्याची बातमी आली की रविवारी चर्चमध्ये कुणी कुणाकडे बघत नसे. लोकांना धीर हवा होता. मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलवर्गाने एक नवा उपदेशक बोलावला. तो मोठा स्पीकर घेऊन आला. ज्याचा विश्वास पक्का त्याचं पीक पक्कं, त्याचं शरीरही पक्कं, असं तो शिकवू लागला. औषध घेणं म्हणजे देवावर संशय घेणं. लोक टाळ्या वाजवत.

ताईला बरीच वर्षं साखर होती. ती रोज स्वतःच्या हाताने इन्सुलिन टोचून घ्यायची. एका रविवारी तिने ते सगळ्यांसमोर वेदीच्या टेबलावर नेऊन ठेवलं. भाऊजींनी फोनवर हे सांगितलं. मी तशीच निघाले.

ताई भाजी निवडत बसली होती, खुशीत होती.

"मले आता त्याची गरज नाई," ती म्हणाली. "देवानं बरं केलं म्हून साक्ष देल्ली मी. तू काहून रडून राहिली?"

"ताई, बायबलातल्या प्रेषिताच्याही अंगात एक दुखणं होतं. ते जावं म्हणून त्याने देवाकडे तीनदा मागितलं तरी ते गेलं नाही. त्याचा विश्वास कमी होता का?"

हे तिला पाठ होतं, म्हाताऱ्या पाळकांनीच शिकवलेलं. तरी मान हलवून ती म्हणाली, "ते जुनं झालं आता."

मी वडीलवर्गातल्या प्रमुखांच्या घरी गेले. उपदेशक शास्त्राला सोडून बोलतो, त्याला थांबवा, असं सांगितलं. ते शांतपणे चहा प्यायले.

"शिकवणीचं काय घेऊन बसल्या मॅडम? आधी बाकं रिकामी रायत. आता बाहेर सतरंजी टाकावी लागते. प्रेम पाहिजे, बाकी सगळं किरकोळ."

पुढे तिच्या पायाला जखम झाली. तेल लावून प्रार्थना झाल्या. जखम चिघळली, ती ग्लानीत जाऊ लागली, तेव्हा भाऊजींनी कुणाचं न ऐकता तिला गाडीत घालून अमरावतीच्या दवाखान्यात आणलं. तोवर जखमेचं विष रक्तात भिनलं होतं. मी उशाशी होते. तिने डोळे उघडले.

"माहाच विश्वास कमी पडला का गं?"

"नाही ताई. नाही." मी हे पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. तिला पटलं की नाही, मला कळलं नाही. तिच्या चेहऱ्यावर भीती होती. साखरेने तिचं शरीर नेलं, ते मी सोसलं असतं. पण देव आपल्याला नापास करतोय असं समजून ती गेली.

दफनाच्या वेळी उपदेशक म्हणाला, आपली ही बहीण शेवटी विश्वासात डगमगली, दवाखान्यात गेली. भाऊजी मातीची मूठ हातात घेऊन तसेच उभे राहिले. म्हातारे पाळक बसने आले होते, मागे उभे होते. त्यांना कुणी बोलायला सांगितलं नाही. परतताना ते मला एवढंच म्हणाले, "बाई, मी नीट शिकवलं होतं. गोड करून शिकवता आलं नाही."

उपदेशक वर्षभरात अकोल्याच्या मोठ्या मंडळीत गेला. प्रमुख मला भेटले की म्हणायचे, झालं ते विसरा, प्रेम महत्त्वाचं. खोटं शिकवून माणूस मारण्याला प्रेम कसं म्हणायचं, असं मी एकदा विचारलं. तेव्हापासून ते रस्ता बदलतात.

भाऊजी आता चर्चला जात नाहीत. मी त्यांना चला म्हणत नाही.