करातचा पिवळा डाग

मंगळवारपासून मार्सेलिनाचं कशात लक्ष नव्हतं. दवाखान्यात कोणाची जखम बांधता बांधता ती उठून दारात जायची, सूर्य कुठवर कलला ते बघायची, परत यायची आणि कात्री कुठे ठेवली ते शोधत बसायची. पोह्नपे बेटावरच्या या गावात वीस वर्षं नर्सबाई म्हणून ती ताठ मानेने वावरली होती. आता दिवस मावळायला लागला की ती हातातलं काम टाकून घरी धावायची.

कारण तिची नात. अडीच वर्षांची प्रिस्का मंगळवारी सांजावताना चमचा चाचपडत होती, आणि चमचा तिच्यासमोर वीतभर अंतरावर होता. बुधवारी त्याच वेळेला ती डुकराच्या खुंटावर जाऊन आदळली. दिवसा मात्र तिला लख्ख दिसायचं.

"नाटकं आहेत, नोनो," मार्सेलिनाची मुलगी युलिना म्हणाली. आईला नोनो, आजीलाही नोनो, त्या घरात हाक एकच. "गाल बघ की तिचे. रोज दोन वाट्या नीरफणस हाणते, वर भात."

मार्सेलिनाने निखाऱ्यातून काढलेला नीरफणस फोडला आणि तिच्यापुढे धरला. "हा बघ. पांढराफेक. पोट भरतं, ताकद येते, कोठा साफ राहतो. नाव ठेवायला जागा नाही. पण डोळ्यांना लागतं ते जीवनसत्त्व यात नसल्यातच जमा. ते करात जातीच्या केळ्यात. गर भोपळ्यासारखा केशरी असतो ना, त्या रंगातच असतं ते. माझ्या आजीने आम्हा सगळ्यांच्या तोंडी पहिला घास करातचा घातला होता."

"मग आपल्याकडे का नाही एकही झाड?"

मार्सेलिना उठली आणि भांडी घासायला लागली. ती घासलेलीच होती.

उत्तर तिला पाठ होतं. अठरा वर्षांपूर्वी ती नोकरीत नवी होती आणि शहाणपण नुसतं उतू जात होतं. एर्मिना नावाच्या बाईच्या नातवाचं दुपटं तिने हळदीसारखं पिवळं झालेलं पाहिलं आणि ठरवून टाकलं, पोराचं यकृत बिघडलं! भर सभाघरात ती एर्मिनावर ओरडली, "पोराला मारायचंय का? ते करात आधी बंद कर." गावाने ऐकलं. नर्सबाईचा शब्द म्हणून घरोघरचे बुंधे तोडले गेले. तीन वर्षांनी शहरातल्या शिबिरात तिला कळलं की करातमधलं एक जीवनसत्त्व शरीर हवं तेवढं घेतं आणि उरलेलं लघवीवाटे जातं, म्हणून तो पिवळा रंग. भिण्यासारखं काहीच नसतं. परत आल्यावर तिने दवाखान्याच्या भिंतीवर करातचं झकास चित्र लावलं. 'मी चुकले' एवढे दोन शब्द मात्र तिच्या तोंडून निघाले नाहीत. बाई भली, पण नाक भारी वर!

आणि आता दवाखान्यातली त्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली रिकामी होती. शहरात फोन केला तर म्हणाले, महिनाअखेरीस बघू. महिनाअखेर तीन आठवड्यांवर होती. तोवर पोरीचे डोळे थांबतील का, हे कोण सांगणार?

गुरुवारी ती करातसाठी घरोघर फिरली.

"करात? तूच तोडायला लावलंस ना, बाई?"

"भिंतीवर आहे की तुझ्या! तेच सोलून दे."

ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शेवटी एकीने सांगितलं की एर्मिनाच्या परसात करातच्या काही केळी आहेत, डुकरांसाठी ठेवलेल्या.

पोह्नपेवर मोठी माफी मागायची तर साकाऊचं झाड मुळासकट न्यायचं. समोरच्याने मुळं कुटून रसाचा प्याला घेतला, तर माफ. मार्सेलिना झाड खांद्यावर टाकून धापा टाकत पोचली. म्हातारी एर्मिना नारळ खवत होती.

"कोण मेलं?" एर्मिनाने मान वर न करता विचारलं.

"कोणी नाही. माफी मागायला आले. नातीला सांजेला दिसत नाही. करात हवंय."

"माफी हवी की करात?"

मार्सेलिनाला खोटं बोलता आलं नाही. "आधी करात."

एर्मिनाने खवणी बाजूला ठेवली. "डुकरांना कोण घालतंय करात! तू तोडायला येशील म्हणून तसं सांगितलं. आम्हीच खातोय, अठरा वर्षं. नातवंडांची दुपटी मी पहाटे ओढ्याच्या वरच्या अंगाला जाऊन एकटीने धुतली, कोणाला डाग दिसू नये म्हणून. बायका म्हणायच्या, एर्मिना माणूसघाणी झाली."

मार्सेलिनाने खांद्यावरचं झाड उतरवून अंगणात ठेवलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारी कोयता घेऊन परसात गेली. करातचा घड आभाळाकडे तोंड करून उभा असतो. दोन फण्या पिकल्या होत्या. कापल्यावर तिच्या हातावर जांभळा चीक उतरला. "ने. पोरीचा काय दोष?" साकाऊला मात्र तिने बोट लावलं नाही. मार्सेलिनाने जाताना ते झाड खुराड्यामागच्या ओल्या मातीत खोचून ठेवलं.

मग रोज सकाळ-संध्याकाळ करात. दिवस मावळला की मार्सेलिना पोरीसमोर चमचा ठेवायची आणि बघत बसायची. प्रिस्का चाचपडायची. मार्सेलिना उठून अंगणात फेऱ्या मारायची आणि युलिना म्हणायची, "नोनो, बस ना गं, मला चक्कर येते."

आठव्या संध्याकाळी पोरीने थेट चमचा उचलला आणि आजीच्या गुडघ्यावर हाणला. मार्सेलिना हसत हसत रडली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर ती प्रिस्काचं रात्रीचं दुपटं घेऊन ओढ्यावर गेली, जिथे सगळा गाव धुतो तिथे. बायकांच्या मधोमध तिने ते दगडावर पसरलं. डाग हळदीसारखा पिवळा होता.

"अगं बाई, हे काय?" एकीने विचारलं.

"करात," मार्सेलिना मोठ्याने म्हणाली. "एर्मिनाच्या घरचं. आजाराचा डाग नाही हा, तेव्हाही नव्हता. मी चुकले होते."

बाकीच्यांपासून दूर, वरच्या दगडावर एर्मिना एकटी धूत होती. तिने हातातलं कापड पिळलं, टोपली उचलली, पाण्यातून सावकाश खाली आली आणि मार्सेलिनाच्या शेजारी बसली.

"संध्याकाळी ये," ती म्हणाली. "ते साकाऊ उपटून कुटायला सांगते मुलाला."