सहा बरोबर उत्तरं आणि आखाजीचा जावई

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, गणिताच्या एका शिक्षकाने शाळेची नोकरी सोडून क्रिकेटवर सट्टा लावण्याचा पूर्णवेळ व्यवसाय करायचे ठरवले होते आणि राजीनाम्यात ते कारण सुवाच्य अक्षरात लिहूनही दिले होते.

माझ्या सेवेत मी खोटी कारणे पोत्याने वाचली. इतके खरे कारण एकदाच वाचनात आले. म्हणून ती घटना अजूनही डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी तेव्हा बोदवडकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गुरुवारी सकाळी, हजेरी नुकतीच झालेली, एक मुख्याध्यापक आत आले. खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर लिहिले होते, 'व्यावसायिक क्रीडा सट्टेबाज म्हणून कारकीर्द सुरू करीत असल्याने माझा राजीनामा मंजूर व्हावा.'

"पंधरा वर्षं शिकवतोय साहेब. तालुक्यात असा गणिताचा मास्तर नाही," मुख्याध्यापक म्हणाले. "सोमवारी संस्थेची बैठक आहे. राजीनामा मंजूर झाला की संपलं. अध्यक्षांचा भाचा डी.एड., बी.एड. करून दारात उभाच आहे."

म्हणजे माझ्या हातात गुरुवार ते रविवार एवढा वेळ होता. राजीनामा देणे हा गुन्हा नाही, पण सट्टा आहे. मी ठाणे दैनंदिनीत नोंद केली आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर सरांना बोलावून घेतले.

चौकशीला येणारा माणूस खुर्चीच्या कडेवर बसतो. हे सर आरामात टेकून बसले आणि त्यांनी वही उघडली. लाल शाईने आखलेले रकाने, सामन्याची तारीख, अंदाज, निकाल. धुळ्याला एक गुरू होते, ते फोनवर अंदाज पाठवायचे. सहा सामन्यांचे सहाही अंदाज बरोबर आले होते.

"किती लावलेत?"

"एक पैसाही नाही. पहिले सहा सामने फक्त वहीत लावायचे, असा गुरूंचा नियम आहे. सातवा बरोबर आला की फी भरायची आणि धुळ्याला सहा महिन्यांचा पूर्णवेळ वर्ग."

"आणि दुसरा नियम?"

"आलेला अंदाज कोणाला सांगायचा नाही. सांगितलं की बाजार बिघडतो. तिसरा, जिंकलो तरी हसायचं नाही, हरलो तरी चेहरा पाडायचा नाही. भावना आली की धंदा गेला."

मी म्हटले, "सर, लागतो कधीकधी योगायोग."

त्यांनी माझ्याकडे नापासाच्या उत्तरपत्रिकेकडे बघावे तसे बघितले. "साहेब, एक बरोबर येण्याची शक्यता निम्मी. सहा ओळीनं बरोबर येण्याची चौसष्टात एक. याला योगायोग म्हणत नाहीत. याला विद्या म्हणतात."

गणितात मी कायम काठावर पास. चहा पाजून त्यांना सोडले.

शनिवारी पत्र घेऊन धुळ्याला गेलो. तिथल्या ठाण्याने एक हवालदार सोबत दिला. पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर तो वर्ग होता. फळ्यावर 'शिस्त' असा एकच शब्द. गुरू पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणे असे की दोन मिनिटांत मलाच राजीनामा द्यावासा वाटला.

"मी सट्टा घेत नाही, लावत नाही साहेब. मी शिकवतो. पोहायला शिकवणाऱ्याला तुम्ही बुडवल्याबद्दल पकडता का?"

"सहाच्या सहा बरोबर कसे आले?"

"अभ्यास."

"मग स्वतः लावून श्रीमंत का होत नाही?"

तो हसला. "विद्या दिल्यानं वाढते साहेब."

अशा माणसाशी वाद घालू नये. तक्रारदार नाही, फी अजून घेतलेली नाही, पुरावा नाही. येताना हायवेवर उसाचा रस प्यायलो आणि हात हलवत परत आलो. सोमवारच्या आड आता एकच दिवस उरला होता.

रविवारी होती आखाजी. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, घराघरांत सांजोऱ्या आणि आमरस, आणि पुरुष मंडळी झाडाखाली पत्ते कुटतात. त्या दिवशी पोलिसांचे काम एवढेच, की पत्त्यांवरून डोकी फुटू नयेत म्हणून फिरत राहायचे.

दुपारी तीनच्या सुमारास आमचे जुने हवालदार दोन माणसांना घेऊन ठाण्यात आले. एकाची कॉलर फाटलेली, दुसऱ्याच्या कपाळाला आमरस. पहिले आमचे गणिताचे सर. दुसरे त्यांचे मेहुणे, बहिणीचे यजमान, बायकोबरोबर साक्रीहून आखाजीला आलेले. मागून सरांची बहीण, हातात रसाचा डबा तसाच.

"पत्त्यांवरून?" मी विचारले.

"नाही साहेब," हवालदार म्हणाले. "मला हे दोघं आधीच खटकले होते. सगळा डाव आरडाओरडा करतोय आणि हे दोघंच दगडासारखे. जिंकले तरी दगड, हरले तरी दगड. मग दोघांचे फोन एकदम वाजले. दोघांनी वाचले, खिशात घातले. थोड्या वेळानं पाहुणे म्हणाले, आज पाहुणा संघ जिंकणार. सर म्हणाले, यजमान. आणि मग जे पेटलं!"

मेहुणे उसळून अहिराणीत म्हणाले, "साहेब, मन्हा गुरू खोटा नही शे. यास्ना गुरू खोटा शे."

"माझ्या गुरूंचे सहाच्या सहा बरोबर आलेत," सर म्हणाले.

"मन्हा बी सहाच शेत."

खरे सांगतो, टोळ्या पकडतानाही असा आनंद झाला नव्हता. मी दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पाठवणाऱ्याचा नंबर एकच. वेळ एकच. सामना एकच. एकावर 'यजमान', दुसऱ्यावर 'पाहुणे'.

मेहुणे हळूच म्हणाले, "दोन्हीना गुरू एकच शे?"

सरांनी माझ्या टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि एक मोठी संख्या लिहून तिला निम्मी, पुन्हा निम्मी, पुन्हा निम्मी करत सहा ओळी खाली आले. शेवटी मोजकी माणसे उरली. त्यांनी पेन खाली ठेवले.

"चौसष्टात एक," ते म्हणाले. "बाकीचे त्रेसष्ट कुठं आहेत, हे मी विचारलंच नाही. साहेब, मला विद्या सापडली नव्हती. मी फक्त उरलो होतो."

बहिणीने पदराने आधी नवऱ्याचे कपाळ पुसले, मग भावाला म्हणाली, "दादा, एवढं गणित तुला आधी नाही सुचलं?"

दोघांचे जबाब लगेच नोंदवले. आता तक्रारदार होता, पुरावा होता. धुळ्याला फोन गेला आणि संध्याकाळच्या आत गिरणीवरची वही पंचांसमक्ष जप्त झाली. शेकडो नंबर गावाप्रमाणे लावलेले. अर्ध्या गावांना एक संघ, अर्ध्यांना दुसरा. ज्यांचा चुकला त्यांच्यावर काट. एक गाव कधी फोडायचे नाही हा त्याचा कायदा, म्हणजे शेजारी शेजारी बोलले तरी दोघांचा अंदाज सारखाच निघेल. सातव्या फेरीत बोदवडकडची गावे एका बाजूला, साक्रीकडची दुसऱ्या बाजूला. मध्ये अख्खी दोन जिल्ह्यांची लांबी. याहून सुरक्षित वाटणी कोणती?

रात्री धुळ्याला पोचून मी त्याला त्याच्याच वर्गात समोर बसवून म्हटले, "सगळं बरोबर केलंस. मग चुकलं कुठं?"

त्याने फळ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "आखाजी. माझीही बायको माहेरी गेलीय साहेब, आणि तरी ध्यानात नाही आलं."

फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. पुढचे कोर्टाचे काम.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. कोणी यशाची गोष्ट सांगू लागला की मी विचारतो, तुझ्याबरोबर सुरू केलेले बाकीचे कुठे आहेत? ज्यांचा अंदाज पहिल्याच फेरीत चुकला, ते खांदे उडवून कामाला लागले. धोका त्यांना नव्हताच. धोका होता तो ज्यांचे सगळे बरोबर येत गेले त्यांना, आणि त्यातही हुशारांना, कारण त्यांच्याकडे आपल्या नशिबाचा पुरावा तयार असतो. दुसरे असे, की आमच्याकडे गावे नकाशावर लांब असतील, पण प्रत्येक गावाची लेक दुसऱ्या गावात नांदते. खान्देशात एक गुपित दोन तालुक्यांत ठेवायचे असेल तर आधी सगळ्या सोयरिकी तपासाव्या लागतील, आणि तेवढे तर आमच्या गुप्त वार्ता विभागालाही जमलेले नाही.

सोमवारी बैठकीला साक्षीदार म्हणून मुख्याध्यापकांनी मलाही नेले. सरांनी राजीनामा मागे घेण्याचा अर्ज दिला. कारणाच्या जागी लिहिले होते, 'गणित चुकले.' सदस्य हसले, अर्ज मंजूर झाला, मुख्याध्यापकांनी डोळे पुसले. कोपऱ्यात अध्यक्षांचा भाचा नवा शर्ट घालून, प्रमाणपत्रांची फाईल मांडीवर धरून बसला होता. अध्यक्षांनी एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि भर बैठकीत त्यांच्या तोंडून निघून गेले, "मग आता माझ्या भाच्यानं काय त्या धुळ्याच्या वर्गाला जायचं का?"