रावसाहेबांची माती

आमच्या प्राणिशास्त्र विभागात एक सांगाडा होता. खऱ्या माणसाचा. पोरांनी त्याचं नाव रावसाहेब ठेवलं होतं. त्याच्याशी आदरानं वागणारं माणूस कॉलेजात एकच, आमच्या प्रयोगशाळेतल्या शैलाबाई साळवे. केर काढताना त्या त्याला म्हणायच्या, "रावसाहेब, जरा पाय."

शैलाबाई खडकीच्या. नवरा रामदास अम्युनिशन फॅक्टरीत होता. निवृत्त झाला आणि दोन पावसाळे काढून गेला. रविवारी बाई चर्चमध्ये प्रार्थना करायच्या आणि सोमवारी माझ्या उत्क्रांतीच्या तासाला बेडूक मांडून द्यायच्या. दोन्हींत त्यांना काही अडचण दिसत नसे, आणि नेमकं तेच मला खुपायचं. मी देव न मानणारा, वर त्याचा गर्व असणारा. त्यांना डिवचल्याशिवाय मला चहा गोड लागत नसे.

रावसाहेबांना एक खोड होती. संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून टांगलं, तरी सकाळी ते दाराकडे बघत असायचे. मुली त्या खोलीत एकट्या जात नसत. कुलूप काढताना मलाही क्षणभर थांबावंसं वाटायचं, पण हे मी कुणाला सांगणार? मी शैलाबाईंना दोरी दाखवली. सुतळी दमट हवेत पीळ बदलते, एवढंच.

"पटलं, सर," त्या म्हणाल्या. "दोरी नेमानं वळते. पण मुळात नेम का असावा? सगळा सावळा गोंधळ का नाही?"

"नेम आहे. बस."

"म्हणजे तुमचाही कुठंतरी विश्वासच की."

माझं डोकं फिरलं. उत्तर नसलं की फिरतंच.

मग पुण्यात कॉम्प्युटरचं वारं आलं. ज्याला त्याला मुलगा अमेरिकेला पाठवायचा होता. संस्थेनं आमचं संग्रहालय मोडून तिथं कॉम्प्युटर लॅब करायची ठरवली. बरण्यांतले साप गेले, कासवं गेली, आणि धुता येईल असा प्लॅस्टिकचा सांगाडा आला. जुन्याची विल्हेवाट लावा, असं प्राचार्यांनी फर्मावलं.

"मी पुरते त्यांना," शैलाबाई म्हणाल्या. "रामदासच्या कबरीत."

त्यांच्या दफनभूमीत जागेची टंचाई. एकाच घराची कबर काही वर्षांनी पुन्हा उघडतात आणि वरची जागा त्याच घरातल्या दुसऱ्याला देतात. रामदासच्या वरची जागा शैलाबाईंची होती. ती रावसाहेबांना दिली, की त्यांना नव्या दफनभूमीत, लांब कुठंतरी, अनोळखी माणसांत जावं लागणार होतं. चर्चच्या पाळकसाहेबांनी हे समजावलं. मयत ख्रिस्ती होता का, असंही विचारलं. "देवानं केलेला होता," एवढंच शैलाबाईंनी सांगितलं.

मी संतापलो. बाईंनी आपली हक्काची जागा कुणा बेवारशासाठी घालवावी? त्यांना थांबवायचा उपाय माझ्याकडे होता.

भर दुपारी, रिकाम्या खोलीत, आम्ही रावसाहेबांना टेबलावर निजवलं. बरण्या हलवल्यामुळे खोली घुमत होती. मी पहिली तार कापली आणि जबडा आपोआप उघडला. शैलाबाई दचकल्या नाहीत, मी दचकलो. मग त्यांना एकेक हाड दाखवत गेलो. कवटी पुरुषाची. कमरेचं हाड बाईचं. मांडीची दोन हाडं एकमेकांशी जुळत नव्हती. एक म्हाताऱ्याचं, दुसरं जेमतेम वाढ पुरी झालेल्या कुणाचं तरी. व्यापाऱ्यानं मिळतील ती हाडं तारेत ओवून एक माणूस विकला होता.

"शैलाबाई, रावसाहेब कोणी नव्हतेच. तुम्ही जागा देताय ती कोणालाच नाही."

त्या खाली बसल्या. मला वाटलं, जिंकलो. मग त्यांनी त्या बाईच्या हाडावर हात ठेवला.

"अगंबाई, मग तर घाई केली पाहिजे. इतकी वर्षं बिचारे एकमेकांच्या अंगावर लटकलेत."

आम्ही रिक्षानं खडकीला निघालो. पांढऱ्या चादरीचं गाठोडं आमच्या दोघांच्या मध्ये होतं. प्रत्येक खड्ड्याला आतून आवाज यायचा, आणि तो खड्डा संपल्यावरही थोडा वेळ यायचा.

रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "काय हाय ओ त्यात?"

"पाहुणे," शैलाबाई म्हणाल्या. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

कबर खणून तयार होती. खोदणाऱ्यानं हात जरा जास्तच चालवला होता; तळाशी शवपेटीच्या कुजलेल्या फळीच्या फटीतून रामदास दिसत होता. पाळकसाहेबांनी प्रार्थना म्हटली. गाठोडं खाली सोडताना चादर फळीच्या खिळ्यात अडकली, टरकन फाटली, आणि सगळं आत सांडलं. फळी मोडली. रामदासची हाडं आणि पाहुण्यांची हाडं एकमेकांत मिसळली. खाली काहीतरी अजून घरंगळत होतं. ते थांबेपर्यंत कुणी हललं नाही.

शैलाबाई काठाशी वाकल्या. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"सर, यातला माझा कोणता?"

आयुष्यभर हाडं शिकवलेला मी गुडघ्यांवर बसलो. पाहत राहिलो. ओल्या मातीनं सगळ्यांना एकच रंग दिला होता. एका हाडाकडे बोट करायला हात उचलला आणि मागे घेतला.

"मला सांगता येत नाही, शैलाबाई."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. वरची जागा त्यांनी आनंदानं दिली होती, पण खालचा माणूस द्यायचं ठरलं नव्हतं. त्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिलंच नाही. माझा दंड घट्ट धरला.

"ज्यानं केला त्याला ओळखू येईल ना, सर? एकेक वेगळा?"

जन्मात पहिल्यांदाच त्या मला हे सांगत नव्हत्या, विचारत होत्या. इतकी वर्षं मी याच क्षणाची वाट पाहत होतो.

"येईल," मी म्हणालो.

त्यांनी हात सोडला आणि मूठभर माती टाकली. मीही टाकली. त्यांच्या समाधानासाठी खोटं बोललो, असं मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. पण त्या खड्ड्याच्या काठावर मला भीती वाटली होती ती वेगळ्याच गोष्टीची: ते बोलताना मला ते खोटं वाटलं नव्हतं.