अक्कांची चुंबळ

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, लेकीलाही नाही. देवीपुढेही कधी तोंड उघडलं नाही — तिला ठाऊकच असणार, मग कशाला? आज तुमच्यापाशी बोलते. ऐकून झाल्यावर माझ्याबद्दल चांगलं मत करून घेऊ नका एवढंच. तसली माणसं आमच्या भावकीत पोत्यानं आहेत.

माझा उजवा गुडघा जळगावात बदलला. पुढचे दोन महिने मी कशी हसतमुख होते, पडल्या पडल्या आमच्या देवीची, कानबाईची गाणी कशी म्हणत होते, हे एरंडोलपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. भाव असावा तर सुमनसारखा, म्हणतात! — खोटं आहे ते. पाहुणे असेपर्यंत मी हसायचे. ते जिना उतरले की उशी दातात धरून रडायचे. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीच्या अंगावर मी एकदा पाण्याचा तांब्या फेकला. कानबाईला जे बोलले ते सांगण्यासारखं नाही.

दुखणं लपवलं, त्यात पाप ते काय? काहीच नाही. पण कोणापासून लपवलं? अक्कांपासून.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मला त्या कधीच आवडल्या नाहीत. माझ्या हातची भाजी त्या बोटाच्या टोकानं चाखायच्या आणि मीठ मागायच्या. श्रावणात कानबाई बसली, भावकी रोटांच्या जेवणाला जमली, की विसर्जनाचा चौरंग अक्कांच्याच डोक्यावर. मान थोरलीचा. सव्वीस वर्षं त्या देवी डोक्यावर घेऊन नाचत नदीवर गेल्या, आणि सव्वीस वर्षं जुन्या साडीची चुंबळ वळून त्यांच्या डोक्यावर ठेवायचं काम माझं. ठेवताना दरवर्षी एकच मनात — हिचे गुडघे कधी जातील?

गेले एकदाचे. माझ्या ऑपरेशननंतरच्या श्रावणात अक्कांना उठवेना, आणि चौरंग माझ्या डोक्यावर आला. मी नाचले. मुद्दाम त्यांच्या दारापुढे दोन फेऱ्या जास्त नाचले. परत आल्यावर त्यांनी माझा हात धरला. "खरं सांग सुमन, तुले दुखनं नही का?"

"छे! कानबाईचं नाव घेतलं की कळतसुद्धा नाही, अक्का."

त्या भरवशावर त्यांनी दिवाळीनंतर गुडघा बदलून घेतला. पुढच्या श्रावणात चौरंग परत घ्यायचा होता ना!

त्या घरी आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी मी भेटायला गेले. अक्का माझ्यासारखं हसायला बघत होत्या — जमत नव्हतं. मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. सून चहा करायला आत गेली तशी त्यांनी साडी वर केली. "माले बहू दुखस व माय. थंडी वाजस. आठे हात लाव."

मी हात लावला. नुकतीच भाकरी उतरवलेल्या तव्यासारखा गुडघा. लाल. टाक्याच्या कडेला ओल.

मला कळलं नाही, असं म्हणता येईल. पण माझ्या घरी फ्रिजवर दवाखान्याचा कागद दोन महिने चिकटवलेला होता — लाली, ऊब, ताप, पाणी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी या. मला तो पाठ होता. मी अक्कांची साडी खाली केली, नीट चापून बसवली आणि म्हणाले, "मला नाही झालं असं काही. तुमचा भाव कमी पडतोय, अक्का. हसत राहा. पोराला उगाच घाबरवू नका."

मग चहा आला. मी दोन कप प्यायले.

अक्का माझं ऐकून नऊ दिवस हसत राहिल्या. दहाव्या दिवशी शुद्ध हरपली तेव्हा पोरानं त्यांना धुळ्याला नेलं. गुडघा पुन्हा उघडला, आतलं सगळं काढलं. पाय वाचला — वाकत नाही.

त्यांचा पाय जावा असं मला वाटत होतं का? नाही. मी रडले तसं त्यांनी एकटीनं रडावं, एवढंच हवं होतं. एवढंच! पोराला एक फोन करायचा होता. फोन माझ्या हातातच होता. बसची वाट बघत मी त्यावर लेकीशी गप्पा मारत होते, अक्का कशा छान हसतात म्हणून.

धुळ्यात डॉक्टर चिडले, इतके दिवस बोलला का नाहीत म्हणून. मी खाटेच्या पायथ्याशी डबा घेऊन उभी होते. आता माझं नाव येणार. अक्का भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मना भाव कमी पडना." आणि खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं — आदरानं.

मी डब्याचं झाकण उघडलं आणि वरण वाढलं.

त्याला तीन श्रावण झाले. अक्का आता ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात, पाय पुढे सरळ ताठ. चुंबळ त्या वळतात. मी त्यांच्यापुढे वाकते. त्या ती माझ्या डोक्यावर ठेवतात, तळहातानं दाबून बसवतात आणि दरवर्षी तेच म्हणतात, "हयू चाल व माय, गुडघा सांभाय."

मी चौरंग उचलते. यंदाही उचलला. यंदाही नाचले.